मध्यापासून थोडं डावीकडे

माझी ताई पहिल्यांदा पडली, तेव्हा शेजारच्या काकू संध्याकाळी तेलाची बाटली घेऊन आल्या. "कंबरेवर पडली की हातावर?" त्यांनी दारातूनच विचारलं. आई आत डोळे पुसत होती, त्यामुळे उत्तर द्यायचं काम नेहमीप्रमाणे माझ्यावर आलं. म्हटलं, "काकू, ती निवडणुकीत पडली." काकू जराशा थांबल्या आणि म्हणाल्या, "मग तर जास्तच दुखत असेल. बाटली असू दे."

काकूंचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे निवडणुकीची सगळी भाषा हाडवैद्याच्या दवाखान्यातून आल्यासारखी आहे. उमेदवार उभा राहतो, त्याला कुणी बसवतं, कुणी पाडतं, आणि कुणीच काही केलं नाही तर तो आपला आपण पडतो. ताईच्या बाबतीत हे शेवटचं झालं होतं. तिला पाडायला कुणी मुद्दाम कष्ट घेतले नव्हते.

ताई कॅरेबियन समुद्रातल्या एका बेटावर राहते. ते बेट म्हणजे एक स्वतंत्र देश आहे. त्याला झेंडा आहे, राष्ट्रगीत आहे, संसद आहे, आणि हे सगळं मिळून खडकवासल्याच्या धरणात आरामात मावेल असं बाबांचं मत आहे. तरुणपणी ती तिथल्या सरकारी शाळेत गणित शिकवायला कंत्राटावर गेली. कंत्राट संपलं, ताई काही परतली नाही. तिनं तिथल्या पोस्टात काम करणाऱ्या एका शांत माणसाशी लग्न केलं, तिथलं नागरिकत्व घेतलं आणि बेटावरच्या निम्म्या लोकांना त्रैराशिक शिकवलं. मी मात्र इथेच राहिले. कसबा पेठेतल्या एका बँकेच्या शाखेत नोकरी करते आणि खडकीला आईबाबांबरोबर राहते. गॅसचा सिलिंडर, बाबांची रक्तदाबाची गोळी, आईचे चष्मे, सोसायटीच्या मीटिंगा आणि अलीकडे परदेशी निवडणुका, एवढी खाती माझ्याकडे आहेत.

पुण्यात बेटाचं नाव सांगून काही उपयोग होत नाही. 'वेस्ट इंडीज' म्हटलं की कळतं, पण ते क्रिकेटपुरतं. आमच्या शाखेत तांब्याची भांडी विकणारे एक गृहस्थ रोज येतात. त्यांना ताईचं कळल्यावर त्यांनी पासबुक पुढे सरकवत विचारलं, "बॅटिंग करते की बोलिंग?" मी म्हटलं, "राजकारणात आहे." तेव्हा म्हणाले, "म्हणजे अंपायरिंग. एंट्री मारून द्या."

त्या बेटावर दोन मोठे पक्ष आहेत. ते आलटून पालटून राज्य करतात आणि मधल्या काळात एकमेकांना शिव्या देतात. ताईचा पक्ष तिसरा. तो इतका लहान की संसदेत त्याची एकच खुर्ची, आणि तीही दाराजवळची, जिथे वारा लागतो पण भाषण ऐकू येत नाही. त्या खुर्चीवर पक्षाच्या अध्यक्षबाई बसतात. निवडणुकीची निशाणी नीरफणस. पहिल्या वेळी ताईनं निशाणी सांगितली तेव्हा बाबा फोनवर म्हणाले होते, "फणस? आधी हाताला तेल लावा." पुढे तेल आलं, ते काकूंकडून आलं.

बाबांना राजकारणातलं काही कळत नव्हतं असं नाही. त्यांना फार कळत होतं, हीच अडचण होती. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते आणि युनियनमध्ये होते. त्याशिवाय एका छोट्याशा पक्षातही होते. त्या पक्षाच्या पुणे शहर शाखेची बैठक आमच्या क्वार्टरच्या बाहेरच्या खोलीत व्हायची, आणि चहा येईपर्यंत त्या खोलीतसुद्धा फूट पडायची. एकदा बाबा महापालिकेला उभे राहिले. समोरच्या उमेदवारानं मतदानाच्या आदल्या संध्याकाळी वस्तीत बाटल्या वाटल्या. बाबांनी पाणी, संडास आणि वाचनालय यांवरचं एक पत्रक वाटलं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी, ज्यांनी ज्यांनी 'तुम्हालाच' असं शपथेवर सांगितलं होतं ते लोक बाबांना पाहून बुटाची नाडी बांधायला खाली वाकत होते. बाबा घरी आले आणि म्हणाले, "आपल्या गल्लीत एवढे लोक नाडीचे बूट घालतात, हे मला माहीत नव्हतं."

त्यानंतर आमच्या घरात राजकारण बंद झालं. बाबा पेपर उघडायचे तो थेट शेवटच्या पानावर. टीव्हीवर कुणी हात जोडून दिसलं की चॅनेल बदलायचे. म्हणून ताई पडली तेव्हा त्यांना वाईट वाटलं, आणि आपलं म्हणणं खरं ठरल्याचं थोडं समाधानही वाटलं. हे समाधान त्यांनी कुणाला दाखवलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पाच वर्षांनी ताईचा फोन आला. "बाबा, मी परत उभी राहतेय."

"बस," बाबा म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला.

ताईला बसायचं नव्हतं. या वेळी अध्यक्षबाईंनी मागच्या पराभवाचा नीट विचार केला होता. आम्हाला वाटायचं, ताई पडली ती पक्ष लहान म्हणून, किंवा पैसा नाही म्हणून. कारण वेगळंच होतं. त्या बेटावर अनोळखी माणसाला नाव विचारत नाहीत. 'तू कुणाची?' असं विचारतात. म्हणजे कुठल्या गावच्या कुठल्या आजीची नात, कुठल्या कोळ्याची पुतणी. हे कळलं की मग पुढचं बोलणं. ताई इतकी वर्षं तिथे राहिली, पण या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं. समोरच्या उमेदवारानं तिच्यावर एकही आरोप केला नव्हता. तो प्रत्येक सभेत फक्त एवढंच म्हणायचा, "बाई हुशार आहेत. माझ्या मुलांना त्यांनीच शिकवलं. पण त्या कुणाच्या?"

अध्यक्षबाईंचं म्हणणं असं की या वेळी ताईची माणसं गावासमोर आलीच पाहिजेत. प्रत्यक्ष नाही, तर पडद्यावर. वडिलांनी दोन शब्द बोलायचे. वडिलांनी डोक्यावर हात ठेवला म्हणजे लोकही ठेवतील.

"मी कुठल्याही पक्षासाठी तोंड उघडणार नाही," बाबा म्हणाले. "आणि लोकांनी तिला विचारलं, ती कुणाची, तर तिनं सांगावं, माझी. त्यात मी कशाला हवा?"

ताई मला वेगळा फोन करून म्हणाली, "तू काहीतरी कर ना गं." हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आलेय. शाळेत तिचं वक्तृत्व असायचं आणि तिच्या भाषणाचे कागद धरून विंगेत उभी मी असायचे. मी खूप चिडले. पण फोनवर तिचा आवाज मागच्या वेळेसारखा हसरा नव्हता. ती म्हणाली, "मी या वेळी पडले ना, तर मला आयुष्यभर इथे पाहुणी म्हणून राहावं लागेल." यावर चिडायला जागा राहिली नाही.

तिनं पक्षाचं माहितीपत्रक पाठवलं. रविवारी सकाळी मी ते बाबांसमोर घेऊन बसले. बाबा शेंगा सोलत होते. मी म्हटलं, "बोलू नका, नुसतं ऐका. इंग्रजी आहे, मी मराठीत सांगते."

"पक्ष डावा की उजवा?"

"सेंटर-लेफ्ट लिहिलंय. म्हणजे मध्यापासून थोडं डावीकडे."

"रिक्षावाल्याला सांगतात तसं?" बाबा म्हणाले. "सिग्नलच्या पुढे, थोडं डावीकडे, पिवळ्या बिल्डिंगपाशी? नीट सांग."

मी बँकेत रोज परिपत्रकांचं मराठी करते. सरकारी मराठी माझ्या जिभेवरच असतं. मी म्हटलं, "मध्यममार्गी डावा."

बाबांचा शेंग सोलणारा हात थांबला. "मध्यममार्गी?"

"हो."

"मध्यम मार्ग मानतात ते लोक?"

माझ्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली, त्यानंतर आमच्या घरात 'मध्यम मार्ग' या शब्दाला एकच अर्थ आहे. तो वर्तमानपत्रातला नाही, विहारातला आहे. बाबांना तो अर्थ सोडून दुसरा सुचणं शक्यच नव्हतं, आणि मला तो ऐनवेळी सुचला नाही. जेव्हा सुचला, तेव्हा बाबांचा चेहरा इतका उजळला होता की मी गप्प बसले आणि पुढचा मुद्दा वाचला. शाळेत मुलांना एक वेळचं जेवण. "बरोबर आहे," बाबा म्हणाले. म्हाताऱ्यांना पेन्शन. "बरोबर." पिण्याचं पाणी खाजगी कंपनीला द्यायचं नाही. बाबांनी शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. "हे तर आपलेच लोक निघाले! ही पोरगी आधी का बोलली नाही? मला वाटलं, फणसवाले आहेत."

त्या दिवशी संध्याकाळी ते विहारात गेले आणि वेस्ट इंडीजमध्ये एक मध्यममार्गी पक्ष असल्याची बातमी देऊन आले. तिथे एक निवृत्त उपसचिव येतात. त्यांनी आयुष्यभर फायलींवर शंका काढल्या आणि आता लोकांवर काढतात. त्यांनी विचारलं, "मग तिकडे विहार किती आहेत?" बाबा म्हणाले, "पक्ष लहान आहे. सत्ता आली की बांधतील." उपसचिवांनी मान डोलावली, कारण हे उत्तर त्यांना प्रशासकीयदृष्ट्या पटलं.

सभा पुढच्या रविवारी ठरली. तिकडे लोक चर्चमधून बाहेर पडतात तेव्हा आपल्याकडे रात्रीच्या जेवणाची वेळ होते. बाबांनी दिवसभर गॅलरीत येरझाऱ्या घालून भाषण पाठ केलं. संध्याकाळी पांढरा शर्ट घातला, वर जाकीट चढवलं, आणि माझा लॅपटॉप डायनिंग टेबलावर दोन डब्यांवर ठेवून घेतला, कारण खालून काढलेल्या चित्रात त्यांच्या नाकपुड्या मोठ्या दिसत होत्या. आईनं ठेवणीतली साडी नेसली होती. "मी काही बोलणार नाही, मी नुसती दिसेन," ती म्हणाली. दुभाषी अर्थातच मी.

पडदा उजळला. दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, तिकडे फोन धरला होता. आधी त्यांचा अंगठा दिसला, मग छत, मग लोक. सभा एका दुकानात होती. त्या बेटावर प्रत्येक गावात असं एक दुकान असतं, तिथे साबण, तांदूळ, खारे मासे आणि रम मिळते. गावाचं राजकारण तिथेच चालतं. चर्चचे कपडे घातलेले बायका-पुरुष बाकांवर, पोत्यांवर बसले होते. प्रत्येकाच्या हातात छोटा ग्लास. मध्ये ताई उभी. तिच्याशेजारी अध्यक्षबाई, भरदार, डोक्यावर जांभळी हॅट.

बाबांनी चष्मा सरळ केला. "सगळ्यांच्या हातात काय आहे गं?"

मी ताईकडे पाहिलं. ताईनं माझ्याकडे पाहिलं. मधे अख्खा महासागर होता, पण मला तिचा घाम दिसला.

"उसाचं असतं, बाबा," ताई म्हणाली. "इथे ऊस खूप पिकतो."

यात तसं खोटं काही नव्हतं. रम उसाचीच होते.

"वा!" बाबा म्हणाले आणि उभे राहिले. त्यामुळे पडद्यावर त्यांचं फक्त जाकीट उरलं. मी त्यांना खाली बसवलं. त्यांनी घसा साफ केला. "आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, आणि उपस्थित बंधू-भगिनींनो!"

व्यासपीठावर साबणाचे खोके होते. मी भाषांतर केलं, "माझे वडील सगळ्यांना नमस्कार करतात." बाबांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. त्यांचं वाक्य लांब होतं आणि माझं आखूड.

"मी एका लहान पक्षात होतो," बाबा पुढे म्हणाले. "एकदा उभा राहिलो आणि पडलो. का पडलो? कारण आमच्याकडे मतदानाच्या आदल्या दिवशी काय वाहतं, ते मला माहीत आहे. माझ्यासमोरच्या माणसानं बाटल्या वाटल्या. मी वाटल्या नाहीत. पण आज मी काय पाहतो? तुमच्या पक्षाची सभा उसाच्या रसावर चालते! मध्यम मार्ग तो हाच!"

दुकानात सगळे माझ्याकडे बघत होते. मी बँकेतली बाई आहे. खोटं लिहायचं नाही, पण सगळं लिहायलाच हवं असंही नाही, एवढं मला नोकरीनं शिकवलंय. मी म्हटलं, "माझे वडील म्हणतात, तुमच्या हातातलं पेय पाहून त्यांना फार आनंद झाला."

दुकान दणाणलं. सगळ्यांनी ग्लास उंच केले. मागे बसलेला एक म्हातारा टेबलावर हात आपटायला लागला. अध्यक्षबाईंनी हॅट काढून हवेत हलवली. बाबांना वाटलं, लोकांनी दारूबंदीची शपथ घेतली. ते इतके खूश झाले की त्यांनी इकडून दोन्ही हात उंचावले.

तेवढ्यात आईला राहवलं नाही. ती बाबांच्या खांद्यावरून पडद्यात घुसली आणि म्हणाली, "जेवलीस का गं?"

मला वाटलं, आता संपलं. पण मी तेही सांगितलं, "उमेदवाराची आई विचारतेय, जेवलीस का." यावर बायकांमध्ये एकदम 'आऽऽ' असं झालं. एक आजीबाई उठल्या आणि ताईच्या हातात कसलातरी तळलेला तुकडा कोंबून म्हणाल्या, आता सांगा तिच्या आईला, जेवली म्हणून. ताईच्या तोंडात घास असल्यामुळे तिला पुढची काही मिनिटं उमेदवार म्हणून काही करता आलं नाही. मला वाटतं, त्या मिनिटांत तिचा सगळ्यात चांगला प्रचार झाला.

सभा जिंकलीच होती. दाजी फोन बंद करायच्या बेतात होते, तेव्हा तो टेबल बडवणारा म्हातारा उठला. त्यानं हातातला ग्लास खाली ठेवला. तो हळू बोलत होता, त्यामुळे मला शब्द अन् शब्द कळला.

तो म्हणाला, "हे साहेब भले आहेत. ही बाई आईवडिलांची लाडकी आहे, तेही दिसलं. तीच माझी काळजी आहे. आमच्याकडे वादळ येतं. छपरं उडतात. ज्यांची बाहेर घरं आहेत ते विमान पकडतात, आणि आम्ही पत्रे गोळा करत बसतो. मला साहेबांना एकच विचारायचंय. तुमच्या घरात हिच्यासाठी खोली आहे का?"

दुकानातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणजे प्रश्न सगळ्यांचाच होता.

इथे मला आमच्या घराचा नकाशा सांगायला हवा. निवृत्तीच्या पैशातून बाबांनी हा फ्लॅट घेतला, तेव्हा एक बेडरूम पुरेल असं आम्ही सगळे म्हणत होतो. बाबांनी दोन बेडरूमचा घेतला. एकीत आईबाबा झोपतात. दुसरी 'ताईची खोली'. ताई तिथे कधी राहिलेली नाही. मधे दोनदा येऊन गेली, तेवढंच. पण तिथे तिच्यासाठी पलंग आहे, गादी आहे, दर दिवाळीला बदललेली चादर आहे. मी हॉलमधल्या दिवाणावर झोपते. माझं लग्न मोडून मी परत आले, तेव्हा ती खोली मला द्यावी असं आई म्हणाली होती. बाबा म्हणाले, "ती कधी आली म्हणजे?" यावरून मी त्यांच्याशी किती वेळा भांडले, ते मोजलेलं नाही. ते पन्नाशीतल्या बाईला शोभत नाही म्हणून मी मध्यंतरी सोडून दिलं होतं.

आणि आत्ता त्याच खोलीचं दार, त्यावरच्या फुलाफुलांच्या पडद्यासकट, बाबांच्या डोक्यामागे लॅपटॉपच्या पडद्यावर दिसत होतं.

मी प्रश्न मराठीत सांगितला. इथे आखूड करण्यासारखं काही नव्हतं. ताईला तो आधीच कळला होता. ती फोनकडे पाहत नव्हती, खाली पाहत होती.

बाबांनी आपली खुर्ची थोडी डावीकडे सरकवली. दार झाकलं गेलं.

"नाही," ते म्हणाले.

आईनं त्यांच्याकडे झटकन पाहिलं.

"आमचं घर लहान आहे," बाबा म्हणाले. व्यासपीठाचा आवाज गेला होता. दूधवाल्याशी बोलावं तसे ते बोलत होते. "तिची खोली नाही इथे. तिचं जे काही आहे, ते तिकडेच आहे. वादळ आलं, तर ती तुमच्याबरोबरच भिजेल."

आता हे भाषांतर मला करायचं होतं. इतकी वर्षं मी त्या खोलीवर डोळा ठेवून होते. ती खोली नाही असं बाबांनी जगासमोर सांगितलं, तर मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं. डोळे पुसून मी ते सगळं इंग्रजीत सांगितलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

 म्हाताऱ्यानं आपली टोपी काढली आणि छातीशी धरली. त्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत. बाकीच्यांनी वाजवल्या. ताईनं मान वर केली, आणि दाजींचा अंगठा पुन्हा पडद्यावर आला.

मी लॅपटॉप बंद केला आणि त्याखालचे डबे आत नेले. मग आईनं ताटं घेतली. बाबांनी आमटी-भात कालवला आणि म्हणाले, "उसाचा रस एवढ्या छोट्या ग्लासात कुणी पितं का गं?"

मी विचारलं, "तुम्हाला कळलं होतं?"

"दारूगोळ्याच्या कारखान्यात होतो मी. पेढ्याच्या नाही." त्यांनी घास घेतला. "आणि मागे फळीवर बाटल्या होत्या. त्यात काय गंगाजल होतं?"

"मग एवढं कौतुक कशाला केलंत?"

"त्यांनी माझ्या मुलीला मध्ये उभं केलं होतं. शिव्या घालू का?"

आईनं पळी भांड्यात आपटली. "दारूचं जाऊ द्या. पोरीला तोंडावर घर नाही म्हणालात. जन्मभर आम्हाला शील शिकवलंत, आणि धडधडीत खोटं बोललात."

"हो," बाबा म्हणाले. एवढंच. बाबांनी कुठल्याही वादात 'हो' म्हटल्याचं मला आठवत नाही. आईलाही आठवत नसावं, कारण तिनं वाद सोडला आणि त्यांच्या भातावर तूप वाढलं.

ताई निवडून आली. फार मोठ्या फरकानं नाही, पण आली. संसदेत पक्षाच्या दोन खुर्च्या झाल्या, म्हणजे ताकद दुप्पट झाली, असं बाबा विहारात सांगत फिरले. उपसचिवांनी विचारलं, दुसरी खुर्ची दारापासून किती लांब आहे. बाबा म्हणाले, पहिलीच्या डावीकडे. काकू पेढे घेऊन आल्या. तांब्याची भांडी विकणाऱ्या गृहस्थांना मी स्वतःहून बातमी सांगितली, तर ते म्हणाले, "आता लाल दिव्याची होडी देतील का?" एकूण आनंदीआनंद होता.

शपथविधी झाल्यावर ताईचा फोन आला. आधी ती आईशी बोलली, मग माझ्याशी. डिसेंबरमध्ये यायचं तिचं ठरलं होतं. ते आता जमणार नव्हतं, कारण अधिवेशन होतं. त्यानंतर पावसाळा, वादळाचे महिने. "मी गेले तर लोक काय म्हणतील?" ती म्हणाली. मग तिनं बाबांना फोन द्यायला सांगितलं. आवाज बाहेर येत होता, त्यामुळे मला ऐकू आलं. ती म्हणाली, "बाबा, माझी खोली आहे ना पण?"

"लोकप्रतिनिधीनं मतदारसंघ सोडून हिंडू नये," बाबा म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

मग ते त्या खोलीत गेले. दार लोटून घेतलं. आत पलंग सरकवल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. आई मला खुणेनं म्हणाली, जाऊ नकोस. मी गेले नाही.

जेवायला ते बाहेर आले, तेव्हा त्यांच्या हातात ताईच्या पलंगावरच्या चादरीची घडी होती. ती त्यांनी माझ्या दिवाणावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून तू आत झोपत जा. पंखा चांगला आहे तिथला."

या एका वाक्यासाठी मी कितीतरी वर्षं भांडले होते. ते आता आलं, आणि मला ते घेववेना.

"राहू द्या, बाबा," मी म्हटलं. "मला हॉलमध्येच झोप लागते."

हे खोटं होतं, आणि त्यांना ते कळलं. त्यांनी चादर उचलली, आत नेऊन पलंगावर घातली, आणि हात धुऊन जेवायला बसले.